बर्नी कुबियाकचा शेवटचा लेखक

बर्नी कुबियाक नेमकं काय काम करते, हे मिल्वॉकीत कुणाला धड सांगता यायचं नाही. तिच्या नवऱ्याला, रेला, तर मरेपर्यंत सांगता आलं नाही. चर्चच्या अंगणात कुणी विचारलंच तर तो म्हणायचा, "टॅक्सी चालवते, पण फक्त घाबरलेल्या माणसांची." मग बर्नी त्याच्या दंडाला चिमटा काढायची आणि तो लहान पोरासारखा ओरडायचा.

काम खरं तर सरळ होतं. नवीन पुस्तक आलं की न्यूयॉर्कचे प्रकाशक लेखकाला गावोगाव हिंडवायचे. आज शिकागो, उद्या आमच्याकडे, परवा मिनीआपोलिस. प्रत्येक गावात एक माणूस ठरलेलं असायचं. लेखकाला विमानतळावरून आणायचं, रेडिओवर न्यायचं, जेवू घालायचं, दुकानादुकानांतून सह्या करून घ्यायच्या, संध्याकाळी वाचनाला उभं करायचं आणि दुसऱ्या दिवशी परत विमानात बसवून द्यायचं. आमच्या गावात हे सगळं बर्नी करायची. तीस वर्षं तिनेच केलं, दुसरं कुणी त्या वाटेला गेलं नाही.

मी ट्रूडी. माझं पुस्तकांचं दुकान आहे आणि माझ्या नाकावर राग असतो असं सगळे म्हणतात. असू दे. या धंद्यात राहून दाखवा, मग बोला. तर ही संध्याकाळची वाचनं बहुतेक माझ्याच दुकानात व्हायची, म्हणून बर्नीला मी जितकं पाहिलं तितकं तिच्या सख्ख्या बहिणीनेही पाहिलं नसेल.

विमानतळावर बाकीचे ड्रायव्हर नावाची पाटी धरून उभे राहतात. बर्नी पाटी धरायची नाही. लेखकाचं पुस्तक छातीशी धरून उभी राहायची, कव्हर समोर करून. आणि पुस्तक नुसतं धरलेलं नसायचं, वाचलेलं असायचं. मी किती वेळा सांगितलं, "बाई, तुला गाडी चालवायचे पैसे देतात, वाचायचे नाही." तर म्हणायची, "अगं, परक्या गावात उतरायचं आणि आपलं पुस्तक कुणी उघडलेलंसुद्धा नाही, हे किती वाईट!" तिच्या बुइक गाडीत खोकल्याच्या गोळ्या असायच्या, सुई-दोरा, डाग काढायचं औषध, सहीची जाड काळी पेनं, आणि एक लोकरी पांघरूण. कित्येक लेखक त्या मागच्या सीटवर झोपून गेले. काही रडले. बर्नीने कुणाचं नाव कधी सांगितलं नाही, मी खोदून खोदून विचारलं तरी.

रे गेला तेव्हा मी तिच्या घरी राहिले होते काही दिवस. मूलबाळ नाही. स्वयंपाकघरात भिंतभर फळ्या, त्यावर सह्या केलेली पुस्तकं. मी उगाच एकेक उघडून पाहत बसले. 'बर्नीला, प्रवासात सोबत केल्याबद्दल आभार.' दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तेच, फक्त नावाचं स्पेलिंग चुकलेलं. इतकी माणसं त्या गाडीतून गेली, आणि रेच्या मागे तिला फोन करणारं त्यातलं एकही नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं. जिभेला हाड नाही ना माझ्या. ती भांडी पुसत होती, पुसतच राहिली. म्हणाली, "ते पाहुणे असतात, ट्रूडी. पाहुण्याच्या मागे लागायचं नसतं." हा तिचा नियम होता. लेखकाला आपण होऊन पत्र नाही, फोन नाही, काही नाही.

मग काम आटत गेलं. आधी आठवड्याला तीन-चार लेखक यायचे. मग महिन्याला तीन-चार. मग प्रकाशक म्हणायला लागले की गावोगाव हिंडवून पुस्तकं खपत नाहीत, फोनवर व्हिडिओ टाकले की खपतात. आता मी म्हातारी झाले म्हणून बोलत नाही, पण दोन तरुणी माझ्या दुकानात येऊन पुस्तक विकत न घेता त्याच्या कव्हरबरोबर आपल्या थोबाडाचा फोटो काढून गेल्या, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. बर्नी हसली. "अगं, निदान हातात तरी घेतलं." तिला कशाचा राग म्हणून येत नसे, आणि त्याचाच मला राग यायचा.

असं सगळं बसत चाललेलं असताना ऑरिन ट्वेट आला. त्यावेळी आम्हाला ठाऊक नव्हतं, पण तिच्या गाडीत बसलेला तो शेवटचा लेखक.

सदुसष्ट वर्षांचा माणूस. नॉर्थ डकोटातला. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, बायको वारली, आणि निवृत्तीनंतर पहिली कादंबरी लिहिली. 'कुंपणाचा हिशोब' तिचं नाव. शेजारी शेजारी राहणारे दोन शेतकरी, मधलं कुंपण, आणि चाळीस वर्षांचा अबोला. प्रकाशकांनी त्याला अकरा गावं दिली होती. थोड्याशा दयेने दिली असावीत.

विमानतळावर तो बर्नीच्या समोरून निघून गेला, मग थबकला, परत आला. पुढचं मला बर्नीनेच सांगितलं, आणि एकदा नाही, दहादा सांगितलं.

"हे... हे मी लिहिलंय," तो म्हणाला.

"माहितीये. म्हणून तर उभी आहे."

"तुम्ही वाचलंत?"

"दोनदा. पहिल्यांदा मला वाटलं, दाढीवाल्या शेतकऱ्याचं खरं आहे. दुसऱ्यांदा वाटलं, दोघांचंही."

तो तिथेच आपल्या बॅगेवर बसला. म्हणाला, "माझ्या मुलीनेसुद्धा अजून वाचलं नाही हो."

रेडिओवर मुलाखत घेणाऱ्या बाबाने पुस्तकाचं पानही उलटलं नव्हतं. कव्हरवर तळं होतं, म्हणून त्याने सबंध वेळ मासेमारीबद्दल विचारलं. आणि हा भला माणूस मासेमारीबद्दल बोलत राहिला! बाहेर येऊन बर्नीला म्हणाला, "मी आयुष्यात एकही मासा पकडला नाही." दोघं गाडीत बसून हसत सुटले. मग ती त्याला कस्टर्ड, म्हणजे आमच्याकडचं दाट आइस्क्रीम, खायला घेऊन गेली. नोव्हेंबरची थंडी, काचा धुक्याने भरलेल्या, आणि गाडीत बसून हे दोघं गारेगार कस्टर्ड खातायत. तो बायकोबद्दल बोलला. ती रेबद्दल बोलली. आणि मग त्याने विचारलं, "लेखक गेला की तुम्ही घरी जाऊन काय करता?"

"तीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, ट्रूडी," बर्नी मला म्हणाली.

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, रेडिओ लावते."

त्या संध्याकाळी वाचनाला तीन माणसं आली. एक माझी बहीण, मी दटावून बसवलेली. एक बाथरूमला आत आलेला आणि मग भिडेने बसलेला गृहस्थ. आणि एक बाई, जिने खरोखर पुस्तक वाचलं होतं. ट्वेटने त्या तिघांसमोर उभं राहून वाचलं. चांगलं वाचलं, खोटं कशाला बोलू. पण वाचून झाल्यावर सह्यांच्या टेबलाशी बसला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. दोन सह्या झाल्या आणि पेन हातात घेऊन तो नुसताच बसला.

मी गल्ल्यावर होते. मागे वळून पाहते तो काय! बर्नीने आतल्या खोलीतून सगळा गठ्ठा बाहेर आणला होता, चाळीसेक प्रती, आणि एकेक उघडून त्याच्यापुढे सरकवत होती. हा आपला भराभर सह्या करतोय, चेहऱ्यावर रंग आलेला.

मी कपाळावर हात मारला. आमच्या धंद्यात एकच काय ती सोय आहे: न खपलेलं पुस्तक प्रकाशकाला परत पाठवता येतं. पण लेखकाने सही केली की ते पुस्तक खराब धरतात, परत घेत नाहीत. म्हणून लेखक आला की जेवढी खपतील तेवढ्यांवरच सही घ्यायची. हे बर्नीला माझ्याइतकंच पक्कं माहीत होतं. नवख्या लेखकांच्या हातून गठ्ठे काढून घेताना मी तिला डोळ्यांनी पाहिलं होतं.

तो हॉटेलवर गेल्यावर मी तिला धारेवर धरलं. "तुला वेड लागलंय का? हे काय करून ठेवलंस?"

"त्याचा चेहरा बघितलास का तू?"

"चेहऱ्याचं मी काय करू? चेहरा परत पाठवता येत नाही मला!"

"विकीन मी," ती म्हणाली.

"कुणाला? त्या बाथरूमवाल्याला?"

"त्यालाही विकीन." आणि तिचे गाल लाल झाले. मला कळायचं ते कळलं.

"बर्नाडीन कुबियाक," मी म्हटलं, "या वयात!"

"ब्लड प्रेशर आहे," ती म्हणाली आणि पेनं गोळा करायला लागली.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर तो तिला म्हणाला होता, "पुढचं पुस्तक अर्धं झालंय. ते आलं की तुम्हीच घ्यायला या हं." एवढंच. निरोप घेताना माणूस म्हणतोच असं काहीतरी. पण बर्नीने ते धरून ठेवलं. आणि धंद्यात राहिलेली बाई ती, तिला पुढचं सगळं लख्ख कळत होतं. पहिलं पुस्तक पडलं की प्रकाशक दुसरं घेत नाहीत. दुसरं पुस्तक नाही तर दौरा नाही. दौरा नाही तर ऑरिन ट्वेट मिल्वॉकीत पुन्हा येण्याचं काही कारण उरत नाही. तेव्हा 'कुंपणाचा हिशोब' खपलं पाहिजे. आणि ते माझ्याच गल्ल्यावर खपलं पाहिजे, कारण गल्ल्यावरच्या यंत्रातून खप थेट न्यूयॉर्कला कळतो.

मी म्हटलं, "मग सगळ्या तूच घे ना विकत, आणि लाव फळीवर."

"म्हणजे वाचणार कोण?" ती म्हणाली. तिला हे असं लबाडीचं नको होतं. माणसं हवी होती, वाचणारी.

मग जे सुरू झालं ते विचारू नका. चर्चच्या तळघरात शुक्रवारी मासे तळतात, तिथे ही माशांबरोबरचा काळा पाव वाढता वाढता पुस्तकाची गोष्ट सांगायची. केस सेट करायला गेली की खुर्चीत बसून सांगायची. रेच्या जुन्या युनियनमधल्या म्हाताऱ्यांना गाडीत घालून माझ्या दुकानात आणायची. ते बिचारे टोप्या हातात धरून उभे, आयुष्यात पुस्तकांच्या दुकानात पाय ठेवला नव्हता. आणि तिच्याबरोबर बोलिंग खेळणाऱ्या बायका! त्यांच्यात एक डीडी म्हणून आहे, आवाज असा की चेंडू न लागताच खेळातल्या पिना घाबरून पडाव्यात. तिने दुकानात सगळ्यांसमोर विचारलं, "यात खून आहे का?"

"नाही," बर्नी म्हणाली.

"प्रेम?"

"थोडंसं. शेवटी शेवटी."

"मग आहे काय त्यात?"

"कुंपण."

"कुंपण?"

"डीडी, तू तुझ्या भावाशी किती वर्षं बोलली नाहीस?"

डीडीने पुस्तक घेतलं. पुढच्या आठवड्यात परत आली आणि भावासाठी आणखी एक घेऊन गेली. भावाला दिलं की नाही ते मी विचारलं नाही.

सहीच्या प्रती संपल्या. मला पुन्हा मागवाव्या लागल्या, मग पुन्हा. मी तोंडाने कुरकुर करत होते, पण आतून मलाही झिंग चढली होती. ज्या पुस्तकाचं नाव कुठल्याही पेपरात नव्हतं, ते आमच्याकडे दंतवैद्याच्या दवाखान्यात पडलेलं असायचं, पानं दुमडलेलं. माझ्या दुकानाच्या पंचवीस वर्षांत एका माणसाने एक पुस्तक असं गावात फिरवलेलं मी पाहिलं नाही. आणि ही बाई एकटी. घरी जायची, रेडिओ लावायची, सूप गरम करायची, सकाळी पुन्हा हजर.

"अगं, त्याला कळव तरी," मी म्हणायचे. "चार ओळी लिही. बाबा रे, तुझं पुस्तक इथे मी विकतेय."

"मी लिहिलं की ते मागितल्यासारखं होईल."

"काय मागितल्यासारखं?"

"काहीतरी." आणि विषय बदलायची. ताकास तूर लागू द्यायची नाही.

नाताळात ट्वेटचं एक कार्ड आलं. दुकानाच्या नावाने, 'दुकानातल्या सर्वांना' म्हणून, खाली सही. मी ते बर्नीला दाखवलं. तिने पुढून वाचलं, उलटून मागची बाजू बघितली, तिथे छापखान्याचं नाव होतं ते वाचलं आणि परत दिलं. "छान अक्षर आहे," म्हणाली.

मग महामारी आली. दुकान बंद, विमानं बंद, सगळंच बंद. मी पुस्तकं खोक्यात भरून लोकांच्या पायऱ्यांवर ठेवत हिंडले. बर्नीच्या खिडकीशी उभी राहून काचेतून बोलायचे. ती आत, मी बाहेर बर्फात. एकदा मी विचारलं, "दिवसभर काय करतेस गं?" तिने हाताने रेडिओचं बटण फिरवल्याची खूण केली.

सगळं पुन्हा उघडलं त्या वर्षी प्रकाशकांची नव्या पुस्तकांची यादी माझ्याकडे आली, आणि त्यात ऑरिन ट्वेटचं 'बर्फाखालचा गहू'. मी दुकानातूनच ओरडले. बर्नीला फोन केला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"ऐकतेस ना?"

"कधी येतोय तो?"

"पुस्तक पुढच्या नोव्हेंबरात येतंय."

"म्हणजे डोळे करून घ्यायला वेळ आहे," ती म्हणाली.

तिला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. आम्ही सगळ्यांनी सांगून सांगून हात टेकले होते, ऑपरेशनला ती घाबरायची. संध्याकाळनंतर गाडी चालवायचं तिने सोडून दिलं होतं. आणि आता, एका विमानतळाच्या फेरीसाठी, बाईने आधी डावा डोळा करून घेतला, मग उजवा. मीच नेलं दोन्ही वेळा. पट्टी काढल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "अगं बाई! तू इतकी म्हातारी कधी झालीस?" बुइकला नवे टायर घातले. पांघरूण धुवून आणलं. पुस्तकाची आगाऊ प्रत माझ्याकडे आली ती मी तिला दिली, तिने वाचली. कशी आहे म्हणून विचारलं तर म्हणाली, "पहिल्यापेक्षा चांगली. पण एकट्या माणसाने लिहिलेली आहे."

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, न्यूयॉर्कहून तिला फोन आला नाही. शेवटी तिने स्वतः केला, माझ्या दुकानातून, माझ्यासमोर. मी स्पीकर लावायला सांगितलं. पलीकडे कोणी नवी मुलगी होती, आवाजावरून विशीतली.

"मी बर्नाडीन कुबियाक, मिल्वॉकीहून. ट्वेट साहेबांच्या दौऱ्याचं विचारायचं होतं."

"कुठल्या दुकानातून बोलताय?"

"दुकान नाही. मी गाडी चालवते."

"सॉरी मॅडम, गाडी?"

"लेखकांना आणायची."

मुलगी वाईट नव्हती हो. अगदी गोड बोलत होती. म्हणाली, असे दौरे आता करत नाही आम्ही, फार थोड्या, खूप मोठ्या लेखकांचे करतो. ट्वेट साहेबांचा पडद्यावरचा कार्यक्रम ठेवलाय, पाच दुकानं मिळून, तुमच्या गावच्या दुकानालाही घेतलंय त्यात, त्यांना कळवणारच होतो. आणि सह्यांची काळजी करू नका, सहीवाल्या प्रती येतील. कोऱ्या पानांचे गठ्ठे त्यांच्या घरी पाठवलेत, ते घरबसल्या सह्या करतायत, मग ती पानं पुस्तकात शिवायची.

"घरबसल्या," बर्नी म्हणाली.

"हो ना! किती सोयीचं!"

बर्नीने तिचे आभार मानले आणि फोन ठेवला. मी त्या शिवलेल्या सह्यांवर तोंडसुख घेतलं. आणि गंमत बघा, ही सहीवाली पुस्तकं न खपली तर परत घेतात म्हणे! ही चालतात! बर्नी ऐकत होती असं वाटलं नाही. मध्येच म्हणाली, "पडद्यावर लोकांना प्रश्न विचारता येतात ना?"

"येतात. लिहून."

"बरं," ती म्हणाली.

कार्यक्रमाच्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं आणि लॅपटॉप गल्ल्यावर मांडला. बर्नी आली ती केस सेट करून. निळा कोट, जो ती विमानतळावर जाताना घालायची. ओठांना हलका रंग.

"अगं, आपला कॅमेरा बंद आहे," मी म्हटलं. "आपण त्याला दिसणार नाही."

"असू दे," ती म्हणाली आणि स्टुलावर ताठ बसली.

ट्वेट दिसला. वाळला होता. मागे पिवळी भिंत आणि एक बंद दार. मुलाखत घेणारी बाई सिअॅटलच्या दुकानातली होती, आणि पुस्तक वाचलेली होती, एवढं मी तिच्या बाजूने बोलेन. तो बोलला, एक पान वाचलं. मध्येमध्ये खोकत होता. बर्नी त्याच्याकडे बघत होती आणि मी बर्नीकडे. मग खाली प्रश्न लिहायची चौकट उघडली. मी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. ती कितीतरी वेळ त्या चौकटीकडे बघत राहिली. काय लिहावं हे आयुष्यात पहिल्यांदा कळत नसल्यासारखी.

तेवढ्यात त्या बाईने विचारलं, "ट्वेट साहेब, एक गंमत मला तुमच्या प्रकाशकांनी सांगितली. तुमचं पहिलं पुस्तक सबंध देशात सगळ्यात जास्त खपलं ते मिल्वॉकीत! तुमच्या स्वतःच्या राज्यापेक्षाही जास्त. त्यामुळेच हे दुसरं निघालं म्हणतात. हे काय गौडबंगाल आहे?"

बर्नीचा हात माझ्या मनगटावर आला.

ट्वेट हसला. डोकं खाजवलं. "मलाही ते कोडंच आहे बघा. मी तिथे एकदा गेलो होतो. त्या दौऱ्यात अकरा गावं, सगळी डोक्यात एकात एक मिसळलीयत. रेडिओ, हॉटेल, दुकान. वाचनाला तीन माणसं होती, तेवढं आठवतं. त्या गावात माझ्या ओळखीचं कुणीच नाही."

"मग ही पुस्तकं घेतली कुणी?"

"देव जाणे," तो म्हणाला. "पण जे कुणी असतील, त्यांचं भलं होवो."

माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! मी लॅपटॉप ओढला आणि लिहायला लागले. 'तिचं नाव बर्नाडीन कुबियाक. तिने तुम्हाला कस्टर्ड खायला' एवढं लिहिलं असेल, तोच बर्नीने आपला हात पसरून सगळ्या बटणांवर ठेवला. पुढे नुसती अक्षरांची रांग उमटत गेली.

"सोड," मी म्हटलं. "कळू दे त्याला. तोंडावर कळू दे!"

"नको, ट्रूडी."

"का नको? सगळं तू केलंस! तुझ्यामुळे बसलाय तो तिथे!"

"मग झालं की," ती म्हणाली. "बसलाय ना."

तिचा आवाज अगदी साधा होता. हात तिने काढला नाही. मी "पुसते" म्हटलं तेव्हा काढला, आणि मी माझं लिहिलेलं सगळं पुसलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, राग होता की काय होतं मला माहीत नाही. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. ते नवे डोळे पडद्यावर लागले होते. ट्वेट आता कुणाच्या तरी गव्हाबद्दलच्या प्रश्नाला उत्तर देत होता, मध्येच खोकला, थांबला, माफी मागितली, घसा खाकरून पुन्हा बोलायला लागला.

"बघ ना," बर्नी म्हणाली, "एवढा वेळ बोलायचंय माणसाला, आणि कुणी साधं पाणी ठेवलं नाही त्याच्याजवळ."

कार्यक्रम संपला, एकेक चौकट बंद झाली, त्याची सगळ्यात शेवटी. मी दिवे घालवले. ती कोटाची बटणं लावून घरी गेली.